आयसी १६१३ मधले लाल तारे: तिथले कोणते, आपले कोणते?

रोहिणी_शकट: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिमिंगल तारकासमूहातली आयसी १६१३ ही बटू दीर्घिका घेतली आहे. अंतर साधारण २४ लाख प्रकाशवर्षं, धातू (म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यं) सूर्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तिथले लाल महाराक्षसी (फुगलेले, थंड, अतितेजस्वी) तारे शोधायचे आहेत. रंग आणि प्रत (तेजस्वितेचा आकडा) यांचा आलेख काढला तर लाल बाजूला ठिपक्यांची उभी रांग दिसली, केवढा आनंद झाला! सरांनी १७.८ प्रतीच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं, "हा आपल्याच अंगणातला, आकाशगंगेतला नाही कशावरून?" तिथे अडकले आहे.

जुना_निरीक्षक: सरांनी नेमकं बोट ठेवलंय. आधी गाया या अवकाश दुर्बिणीच्या यादीत त्याचं लंबन बघ, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो ते. इतक्या दूरच्या ताऱ्याचं लंबन शून्यातच जमा असायला हवं, निजगती, म्हणजे आकाशात त्याचं स्वतःचं सरकणं, हीही जवळपास तशीच. त्यातून जे उरतील त्यांचा वर्णपट घ्यायचा. ही दीर्घिका सेकंदाला सुमारे २३४ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. म्हणून कॅल्शियमच्या ८४९८, ८५४२ आणि ८६६२ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या तिन्ही रेषा साडेसहा अँगस्ट्रॉमहून जरा जास्तच निळ्या बाजूला सरकलेल्या दिसतील. मी वेगाशिवाय कुठल्याच ताऱ्यावर शिक्का मारत नाही. आणखी एक, एम या सर्वात थंड वर्णपट-वर्गाच्याच मागे लागू नकोस. धातू कमी म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे फिके, त्यामुळे तिथले बरेच महाराक्षसी त्याहून थोड्या उष्ण के वर्गात सापडतात.

रोहिणी_शकट: बघितलं! लंबन २.१ मिलीआर्कसेकंद, त्रुटी ०.१. म्हणजे जेमतेम दीड हजार प्रकाशवर्षांवरचा लाल बटू (छोटा, मंद तारा). यादीतून काढला. जीव थोडा हळहळला, पण आता उरलेल्या नावांवर भरवसा वाटतो.

धूळपाटी: फक्त दृश्य प्रकाशावर थांबू नका. शेवटच्या टप्प्यातले तारे स्वतःच सोडलेल्या धुळीत दडतात. तिथे स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची ३.६ आणि ४.५ मायक्रॉनची अवरक्त मोजमापं कामी येतात. अथेन्सच्या गटाने याच वाटेने आयसी १६१३ आणि सेक्स्टन्स ए या दुसऱ्या बटू दीर्घिकेतले उमेदवार निवडले आणि मग वर्णपट घेतले. मात्र अवरक्तात दूरच्या दीर्घिका आणि क्वेझार (दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) हेही तसेच लाल दिसतात, ते चाळून काढावे लागतात. उष्ण बाजूला तर फारच शुकशुकाट आहे: या दीर्घिकेत वुल्फ-राये प्रकारचा, म्हणजे बाहेरचं आवरण गमावलेला अतिउष्ण, असा एकच तारा ठाऊक आहे. धातू कमी, म्हणून तारकीय वारे दुबळे, वरचं हायड्रोजनचं आवरण सहसा उडून जात नाही.

रोहिणी_शकट: आज रात्री स्पिट्झरची यादी गायाशी जुळवायला घेते. लंबन शून्य आणि ४.५ मायक्रॉनला तेजस्वी, असे किती उरतात ते उद्या इथेच लिहीन.