मदत हवी आहे: सेल्फ फिरतो, पण जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही

नमस्कार मंडळी. वडिलांच्या वेळचा ३५ एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा होता. आता वाफसा आलाय, हरभऱ्यासाठी रोटर मारायचाय आणि हा पठ्ठ्या ढिम्म.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ जोरात फिरतो. पण सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नाही. डिझेल फिल्टरच्या वाटीत तळाला बोटभर गढूळ पाणी निघालं. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारला; आधी फेस आला, मग स्वच्छ धार. म्हणजे फिल्टरपर्यंत डिझेल नीट येतंय.

खरी गोम पुढे आहे. नोझलकडच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या) तिन्ही पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मारला, तर एकातूनही थेंब फुटत नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची वायर काढून, नोझलला दाबाने डिझेल पाठवणाऱ्या मुख्य पंपावरचा लिव्हर हाताने चालूकडे ढकलून पाहिला, तरी तेच.

हा पंप इनलाइन आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा दट्ट्या एका ओळीत. पाणी जाऊन आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला असेल का? बाजूचं झाकण उघडून जागेवरच तो मोकळा करता येतो का? मिस्त्री म्हणतो पंप उतरवावाच लागेल. तसं असेल तर टायमिंगची (पंप परत त्याच जागी बसावा म्हणून) खूण कुठे करायची, तेही सांगा. शेजारचे काका उतारावरून ढकलायला सांगतात, पण डिझेलच येत नसेल तर ढकलून काय होणार!

कुणाला हाच अनुभव आला असेल तर कृपया लवकर कळवा, ओल उडत चाललीय.