चिनी अक्षरं खरंच चित्रं असतात का? (घोड्यात घोडा दिसत नाहीये)

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी, चिनी शिकायला घेतलंय, सध्या अ‍ॅप आणि व्हिडिओंवरच भागवतोय. सुरुवातीला जाम मजा आली, डोंगर म्हणजे तीन सुळके, झाड म्हणजे खोड-फांद्या-मुळं, दोन झाडं शेजारी आली की राई आणि तीन आली की जंगल, म्हटलं हे तर सोप्पंय, चित्र ओळखा आणि पुढे चला. आता मात्र चित्रबित्र काही दिसेनासं झालंय. सूर्य चौकोनी का? घोड्यात घोडा कुठाय? आणि आईच्या अक्षरात घोडा काय करतोय?? ही चित्रलिपीची भानगडच फुगवलेली आहे का?

लांबणदिवा
फुगवलेली आहे, पण खोटी नाहीये. आधी घोडा घेऊ.
चिनी लेखनाचा सगळ्यात जुना मोठा साठा हनान प्रांतातल्या आनयांगला सापडला, शांग राजवटीच्या शेवटच्या काळातला, साधारण इ.स.पू. 1250 पासूनचा. बैलाच्या खांद्याचं चपटं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घ्यायचं, मागून खळगे कोरून तापवायचं, तडा गेला की राजा किंवा त्याचा ज्योतिषी तो वाचणार आणि प्रश्न शेजारीच कोरला जाणार. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणीचं बाळंतपण नीट होईल का, असले प्रश्न. भविष्य पाहणे या अर्थाचं अक्षर म्हणजे त्या तड्याचंच चित्र, एक उभी रेघ आणि बाजूला फुटलेला फाटा, आजही तसंच लिहितात.
तिथला घोडा बघशील तर मोठ्ठा डोळा, आयाळ, पाय, शेपूट सगळं जागेवर. फक्त तो उभा केलाय, शेपटीवर. लिहायचे वरून खाली, अरुंद ओळीत, मग आडवा प्राणी मावणार कसा, म्हणून कुत्रा, डुक्कर, वाघ, हत्ती सगळे असेच उभे. सूर्याचं म्हणशील तर हाडावर टोकदार हत्याराने गोल कोरणं म्हणजे वैताग, त्यामुळे तिथेच त्याला कोपरे फुटलेले दिसतात.
पण चित्रांचा खरा निकाल लावला तो छिन आणि हान या शांगच्या हजारेक वर्षांनंतरच्या राजवटींतल्या कारकुनांनी. ब्रशने भराभर कागदपत्रं लिहायची (कागद नंतर आला, तेव्हा बांबूच्या पट्ट्या), मग वळणं गेली आणि सरळ फटकारे आले. या लिपीला 'लीशू' म्हणतात. घोड्याच्या खाली चार टिंबं दिसतात ना, ते पाय. माशाच्या खाली तीच चार टिंबं, पण तिथे ती शेपटी. 'गरम' या अक्षराच्या खाली पुन्हा तीच चार टिंबं आणि तिथे तो जाळ! तीन वेगळी चित्रं, हात घाईत असला की सगळ्यांची टिंबं. वर 1956 मध्ये चीन सरकारने आणलेल्या सोप्या (कमी फटकाऱ्यांच्या) लिपीने घोडा आणि मासा दोघांची टिंबं काढून एक आडवी रेघ मारली, जाळाची मात्र ठेवली. घोडा 10 फटकाऱ्यांवरून 3 वर आला, आता त्यात घोडा शोधणं सोडून दे.

शून्यमात्रा
आईतला घोडा फक्त आवाजासाठी आहे. घोडा 'मा', आई पण 'मा', फक्त सूर वेगळा (चिनीत आवाजाचा चढउतार बदलला की शब्द बदलतो). डावीकडे 'बाई' म्हणजे अर्थाचा इशारा, उजवीकडे 'घोडा' म्हणजे उच्चाराचा. आजची 80 टक्क्यांहून जास्त अक्षरं अशीच जोडलेली आहेत. 'छिंग' हा एक तुकडा शिकून घे, त्याला पाणी लावलं की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र, हृदय लावलं की भावना, बोलणं लावलं की विनंती, सगळ्यांचा उच्चार छिंगच, सूर तेवढे बदलतात. चित्रं सोड, हे तुकडे पाठ कर.

चहाटळ
अहो पण गोष्टी रचून लक्षात राहतं त्याचं काय? छपराखाली डुक्कर म्हणजे घर, मी तर जन्मात विसरणार नाही. परीक्षेपुरतं जमलं की बास, इतिहास कोणाला हवाय.

लांबणदिवा
@चहाटळ रचा की, कोण नको म्हणतंय, फक्त त्याला इतिहास म्हणू नका. शू शेन नावाच्या हान काळातल्या विद्वानाने इ.स. 100 च्या सुमारास 9353 अक्षरांचा कोश केला, त्यात हे डुक्कर त्याने उच्चारासाठी आलेलं धरलंय. तो बरोबरच असेल असंही नाही, अभ्यासकांचा अजून वाद चालू आहे. त्या बिचाऱ्याने आनयांगची हाडं पाहिलीच नव्हती, ती लेखन म्हणून ओळखली गेली 1899 मध्ये, वांग यीरोंग या चिनी विद्वानामुळे.

पाटीपेन्सिल
चार टिंबांचं वाचून डोकं गरगरलं पण घोडा पटला 😄 एक शेवटचं, मुळात चित्रंच वाढवत का नाही नेली? आवाजाची भानगड कशाला?

शून्यमात्रा
'येणे' याचं चित्र काढून दाखव बरं. त्यांनाही जमेना, म्हणून गव्हाच्या रोपाचं चित्र उचललं, कारण उच्चार जवळचा होता, आणि ते अक्षर कायमचं 'येणे' होऊन बसलं. नाकाचं पण तेच झालं, नाकाचं चित्र 'स्वतः' या अर्थाने वापरात गेलं, मग खऱ्या नाकासाठी त्याच्याच खाली उच्चाराचा तुकडा जोडून नवीन अक्षर करावं लागलं. हे उधारीचं काम शांगच्या हाडांवरच चालू झालेलं दिसतं, म्हणजे निव्वळ चित्रांवर भागत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.