मेसिनाचं खगोलीय घड्याळ: बारा मिनिटांच्या खेळासाठी अर्धा दिवस द्यावा का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं इटलीतल्या सिसिलीत आहोत: मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. मुक्काम ताओरमिनाला. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरचा सोनेरी सिंह भर दुपारी डरकाळी फोडतो आणि कोंबडा आरवतो, हे लेकीने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि तेव्हापासून तिने तोच ध्यास घेतलाय. नवऱ्याचं म्हणणं, बारा मिनिटांच्या खेळासाठी अर्धा दिवस घालवण्यापेक्षा एटना ज्वालामुखी आणखी निवांत पाहू.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: किती आधी पोचावं, उभं कुठे राहावं? मनोरा आतून चढण्यासारखा आहे का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना तेवढा वेळ कुठे बसवावं? आणि सिंह-कोंबडा सोडून तिथे पाहण्यासारखं काही आहे का?

---

मुसाफिर

आम्ही क्रूझवरून उतरून पाहिलं. बंदरापासून चौक चालत दहा-एक मिनिटांवर आहे. बाराला पाच कमी असताना पोचलो तेव्हा पुढची जागा भरली होती, पण मनोरा एवढा उंच आहे की मागूनही सगळं दिसतं. मान मात्र अवघडते. खेळ आवडला, पण आधी वाचून गेलो नव्हतो त्यामुळे मधल्या देखाव्यांत नेमकं काय चाललंय ते कळलं नाही. वर जायचं ते जिन्यानेच. आमच्याकडे वेळ नव्हता, राहिलं.

---

पैलतीर

सांजवेळ, अवश्य जा, आणि अर्धा दिवसच द्या, कमी नको. मी समुद्रापलीकडे, रेज्जो कालाब्रियाला राहते. सामुद्रधुनी ओलांडली की मेसिना, त्यामुळे घरी पाहुणे आले की त्यांना पहिलं तिथेच नेते. या घड्याळावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुसाफिर यांनी म्हटलंय तेच बहुतेकांचं होतं. लोक बाराला येतात, फोन वर धरतात, सिंह-कोंबडा झाला की पांगतात. पण खेळ हे या घड्याळाचं एक अंग झालं. खरं खगोल मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि तिकडे फार थोडे वळतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: अकराच्या आत पोचायचं, आधी ती बाजू, मग खेळ, आणि मनोरा उघडा असेल त्या वेळेप्रमाणे खेळाच्या आधी किंवा नंतर चढाई. चढाईची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, तेवढी आदल्या दिवशी पाहून ठेवा.

ती दुसरी बाजू म्हणजे कॅथेड्रलच्या दाराच्या अंगाची. दाराकडे चालत जा आणि डावीकडे मान वर करा. तिथे एकावर एक तीन गोष्टी आहेत. खाली कायमस्वरूपी दिनदर्शिका: मोठी तबकडी रोज एक घर सरकते आणि बाजूला उभा असलेला संगमरवरी देवदूत हातातल्या बाणाने आजची तारीख दाखवतो. ईस्टरसारखे दरवर्षी तारीख बदलणारे सणही त्यावर नेमके येतात, म्हणजे हिशेब आतल्या यंत्रालाच करावा लागतो. तिच्या वर राशिचक्र आणि ग्रहमाला: मधोमध सूर्य आणि भोवती ग्रह, ज्याच्या-त्याच्या गतीने. इथे लेकीला एक गोष्ट सांगा. शनीला सूर्याभोवती एक फेरा घालायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. घड्याळ सुरू झालं १९३३ साली. म्हणजे इतक्या वर्षांत या तबकडीवरच्या शनीचे जेमतेम तीन फेरे पुरे झालेत. खाली उभं राहून तो हललेला कुणालाच दिसत नाही, पण तो चालतो आहे. मला तर सिंहाच्या डरकाळीपेक्षा हे जास्त थरारक वाटतं. आणि सगळ्यांत वर चंद्र: अर्धा काळा, अर्धा सोनेरी गोल. तो साडेएकोणतीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि आजची कला दाखवतो.

आता समोरची बाजू. हा खेळ समजून पाहायचा तर मागची गोष्ट थोडी माहीत हवी.

२८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली, कॅथेड्रल कोसळलं. ११९७ साली सम्राट सहावा हेन्री याच्या उपस्थितीत ज्याचं पवित्रीकरण झालं होतं ते हे देऊळ. पुन्हा उभारताना आर्चबिशप आंजेलो पाइनो यांनी मनोऱ्यासाठी घड्याळाचं काम फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या उंगेरर कंपनीला दिलं. १५ ऑगस्ट १९३३ ला ते सुरू झालं. शहर पुसलं गेल्यावर पंचवीस वर्षांनी त्या लोकांनी आपल्या सगळ्या आठवणी साठ मीटर उंच मनोऱ्यावर चढवून ठेवल्या, असं मी त्याच्याकडे पाहते.

बाराचे ठोके झाले की सुरुवात सिंहाने होते. शेपूट हलते, मान वळते, झेंडा डुलतो आणि तीन डरकाळ्या. त्याच्या खाली दोन बायकांच्या मधे कोंबडा आहे, तो पंख फडफडवून तीनदा आरवतो. त्या बायकांकडे नीट पाहा. त्या दीना आणि क्लारेंत्सा. १२८२ साली आंजूच्या चार्ल्सने मेसिनाला वेढा घातला, तेव्हा रात्री चढाई करणाऱ्या शत्रूवर दीनाने तटावरून दगड लोटले आणि क्लारेंत्साने कॅथेड्रलची घंटा बडवून गाव जागं केलं, असं तिथे परंपरेने सांगतात. दर पाव तासाला आणि तासाला घंटा वाजवायचं काम आजही याच दोघींकडे आहे. आजूबाजूचे लोक सिंहाचे फोटो काढत असतात, पण मेसिनाच्या माणसाला विचारलंत तर तो आधी या दोघींचं नाव घेईल.

मग शूबर्टचं 'आवे मारिया' सुरू होतं आणि मधले मजले एकेक करून हलतात. एका ठिकाणी मरियम उभी आहे. देवदूत पत्र आणतो, मागून संत पॉल आणि मेसिनाचे दूत येऊन तिच्यापुढे झुकतात. मरियमने स्वतः पत्र पाठवून या शहराला आशीर्वाद दिला, ही इथली श्रद्धा. दरवर्षी ३ जूनला त्या 'पत्राच्या माते'चा उत्सव असतो, आणि बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर उभी असलेली सोनेरी मूर्ती तिचीच. त्याखालच्या मजल्यावरचा बायबलचा देखावा सणांप्रमाणे बदलतो. नाताळात मेंढपाळ, त्यानंतर पूर्वेचे राजे, ईस्टरला पुनरुत्थान. तुम्हाला सप्टेंबरात पेन्टेकॉस्टचा मिळेल, प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरतो तो. त्याच्याही खाली एक कबुतर घिरट्या घालतं आणि टेकडीतून हळूहळू एक चर्च वर येतं. हे मोंताल्तोचं देवस्थान. कबुतराने उडत उडत जागा आखून दिली आणि तिथे चर्च बांधलं, अशी कथा आहे. खरं मोंताल्तो शहरामागच्या टेकडीवर आहे, चौकाच्या आसपासच्या मोकळ्या जागेवरून दिसतं. प्रतिकृती वर येताना पाहिली की मागे वळून मूळ टेकडी शोधा.

त्याखाली माणसाच्या आयुष्याचे चार टप्पे: मूल, तरुण, योद्धा, म्हातारा. आणि सोबत विळा हातात घेतलेला सांगाडा. हा मृत्यू बारा वाजेपर्यंत थांबत नाही, दर पाव तासाला त्याचा विळा हलतो. सव्वा, साडे, पावणे असं लक्ष ठेवलंत तर गर्दी नसताना, शांतपणे पाहता येतो. सगळ्यांत खाली वारांचे रथ.

मनोरा तुम्ही आणि लेक नक्की चढा. जिना या सगळ्या मूर्तींच्या पाठीमागून जातो. चौकातून लखलखणारे ते लोक इथे हाताच्या अंतरावर, पाठमोरे भेटतात. पुढून सोन्याचा मुलामा, मागून दांडे, तरफा, साखळ्या. वारांच्या रथांपाशी जरा थांबा. बाहेर दिसतो तो एकच, आजचा. बाकीचे सहा गोल चाकावर अंधारात आपल्या वाराची वाट पाहत उभे असतात. वर पोचलात की एका बाजूला सामुद्रधुनी, पलीकडे आमचा कालाब्रियाचा किनारा, फेरीबोटी ये-जा करताना.

सासूबाईंसाठी: चौकात कॅफे आहेत, मनोऱ्याकडे तोंड करून सावलीतली खुर्ची साडेअकरालाच धरा. ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड सरबत, मागवा, मेसिनात ती वर फेटलेली साय घालून देतात आणि सोबत ब्रियोश, म्हणजे मऊ गोडसर पाव. त्यांना बसल्या जागेवरून खेळ दिसेल, आणि तुम्ही चढून येईपर्यंत समोर ओरायनचं कारंजं आहेच. मोंतोरसोली या शिल्पकाराने १५५३ साली पुरं केलेलं, मेसिनात नळाचं पाणी आलं त्याच्या आनंदात. ओरायन हा या शहराचा पुराणातला संस्थापक, आणि आकाशातला मृगही तोच.

ताओरमिनाहून आगगाडीनेच या. स्टेशन डोंगराखाली, समुद्राकाठी आहे, तिथवर बस. मेसिना चेंत्राले स्टेशनापासून चौक साधारण किलोमीटरभर, रस्ता सपाट. सासूबाईंसाठी टॅक्सी करा, उन्हात चालवू नका.

---

पितळीकाटा

पैलतीर, सुंदर लिहिलंत. यात एक धागा जोडतो. ज्या स्ट्रासबुर्गहून हे घड्याळ आलं, तिथल्या कॅथेड्रलमधलं घड्याळ या घराण्याचं मूळ. श्विल्गे या घड्याळकारांनी ते १८४२ मध्ये पुरं केलं आणि त्यांची कार्यशाळा पुढे उंगेरर यांच्याकडे गेली. तिथेही कोंबडा तीनदा आरवतो, तिथेही चार वयांची माणसं मृत्यूपुढून जातात. फरक असा की ते देवळाच्या आत आहे, आणि बारा प्रेषितांची मिरवणूक निघते साडेबाराला, कारण ते स्थानिक सूर्याची वेळ पाळतं, जी फ्रान्सच्या प्रमाणवेळेच्या सुमारे अर्धा तास मागे पडते. मेसिनाचं मात्र चौकात, सगळ्यांसाठी फुकट. स्ट्रासबुर्ग पाहून मग मेसिनाला गेलो तेव्हा ओळखीच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

---

सांजवेळ

मनापासून आभार. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. शनीच्या तीन फेऱ्यांपाशी तो गप्प झाला आणि स्वतःच आगगाडीचं वेळापत्रक काढून बसला. आता एकच: आमचा दिवस अजून ठरलेला नाही. वार किंवा तारीख पाहून जाण्यात काही फायदा?

---

पैलतीर

आहे, दोन्हींत.

वाराने खालचा रथ बदलतो. रविवारी सूर्याचा अपोलो, सोमवारी चंद्राची डायना, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. मला डायनाचा आवडतो, तिचा रथ हरीण ओढतं. शुक्रवारी व्हीनसच्या रथाला कबुतर आहे, तोही देखणा. रविवारी आत मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असते आणि चौकात गावातली माणसंही येतात, त्यामुळे कॅथेड्रल आतून निवांत पाहायचं असेल तर मधला वार बरा. आतला ऑर्गन यूरोपातल्या मोठ्या ऑर्गनांपैकी आहे, तेवढ्यासाठी तरी आत जाच.

पण मी वारापेक्षा तिथी पाहीन. पौर्णिमेला वरचा गोल नुसता सोनेरी, अमावास्येला नुसता काळा. अष्टमीच्या आसपास गेलात तर अर्धा-अर्धा दिसतो आणि यंत्र काय करतंय ते लेकीला एका नजरेत कळेल. त्यातही कृष्ण अष्टमी निवडा. सप्टेंबरात त्या सुमाराला सकाळी दहा-अकरालाही खरा चंद्र पश्चिमेच्या आकाशात असतो, डोंगरांच्या बाजूला, फिकट पण स्पष्ट. चौकात पोचलात की तिला आधी तो शोधायला सांगा, मग मनोऱ्यावरचा. उजेडाची बाजू जुळते का ते तिचं तिला ताडू द्या. दुर्बीण असेल तर आणा, तबकडीवरची राशींची चित्रंही तिच्यातून छान दिसतात.