प्रेसच्या साइड प्लेटला 6 मिमी क्रॅक, 'के' 399 येतोय. कुठे चुकतंय?

रबाळे_मेंटेनन्स
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्या 200 टनी हायड्रॉलिक प्रेसच्या डाव्या साइड प्लेटला, आतल्या कडेला क्रॅक सापडलाय. मागे कुणीतरी तेलाच्या पाइपचा क्लॅम्प तिथे टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारून बसवला होता, बरोबर त्या टॅकपासून निघालाय. डीपी (फटीत शिरणारा लाल रंग लावून क्रॅक शोधायची चाचणी) केली तेव्हा पांढऱ्या डेव्हलपरवर केसाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता फुगली. पुसून पुन्हा केली, तरी तीच. पट्टीने 6 मिमी भरली.

माझं गणित असं: प्लेटी दोन, प्रत्येकी 300 × 40. 1962 किलोन्यूटन भागिले 24000 चौ. मिमी, म्हणजे ताण 82 मेगापास्कल. कडेचा क्रॅक म्हणून गुणक 1.12. के (क्रॅकच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो त्याचं माप) = 1.12 × 82 × (3.14 × 6) चं वर्गमूळ = 399. स्टीलची फ्रॅक्चर टफनेस (के एवढा झाला की स्टील तुटतं) जपून 60 धरलीय. या हिशेबाने फ्रेम केव्हाच तुटायला हवी होती, पण दोन शिफ्ट मिळून ती रोज 4000 स्ट्रोक मारतेय.

सुपरवायझर म्हणतात, वरून वेल्ड मारा आणि चालू करा. माझं मन धजत नाही. पोरं त्याच फ्रेममध्ये हात घालून जॉब काढतात.

वागळे_जुना_इन्स्पेक्टर
आधी एकक बघा. 60 हे मीटरच्या वर्गमुळात आहे आणि तुम्ही 6 घातलेत मिलिमीटर. 1000 चं वर्गमूळ 31.6. 399 ला त्याने भागा, 12.6 येईल. सूत्र बरोबर आहे. 300 रुंदीला 6 मिमी म्हणजे 1.12 हा गुणकही चालतो.

पण 12.6 बघून निश्चिंत होऊ नका. तुमची फ्रेम एका फटक्यात तुटणार नाही, ती फटीग झालीय, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन क्रॅक हळूहळू वाढतोय. प्रत्येक स्ट्रोकला ताण शून्यापासून 82 पर्यंत जातो, म्हणून पॅरिसचा नियम (के वरून दर स्ट्रोकला क्रॅक किती वाढतो ते काढायचा) लावा. साध्या स्टीलला घातांक 3 आणि स्थिरांक 6.9 × 10⁻¹² (मीटर आणि मेगापास्कल धरून) वापरतात. आता एका स्ट्रोकला वाढ साधारण 0.000014 मिमी, म्हणजे दिवसाला 0.055 मिमी. क्रॅक वाढतो तसा के वाढतो आणि वेगही वाढतो. ते धरून 6 चे 12 मिमी व्हायला सुमारे अडीच लाख स्ट्रोक लागतात. चौसष्ट दिवस.

यात मला 82 वर भरवसा नाही. भार भागिले क्षेत्रफळ हा सरासरी ताण झाला. वरची-खालची बीम वाकते तेव्हा उभ्या प्लेटीही थोड्या वाकतात, आणि आतली कड जास्त ओढली जाते. वाढीचा वेग ताणाच्या घनाने जातो, त्यामुळे तिथली चूक फार महाग पडते. क्रॅकपासून थोडं दूर, त्याच कडेला स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) लावून घ्या. आणि प्लेटच्या मागच्या तोंडालाही डीपी करा. क्रॅक आरपार नसून कोपऱ्यातच असेल तर गुणक 0.7 ते 0.8 च्या आसपास येतो.

तळोजा_वेल्डर
वरून वेल्ड मारू नका, हात जोडून सांगतो. क्रॅक आत तसाच राहतो, आणि वेल्ड थंड होताना आकसून जो ताण मागे सोडतो तो आणखी वर बसतो. गॉजिंग करून (क्रॅकची जागा खोदून) तळापर्यंत काढा, डीपीने खात्री करा, 40 मिमी प्लेट आहे तेव्हा प्रीहीट द्या (आधी गरम करा), मग भरा. शेवटी ग्राइंडरने कड गुळगुळीत करा, घासल्याच्या रेघा ताणाच्या दिशेने पडू द्या, आडव्या नकोत. आणि तो क्लॅम्प परत तिथे लावू नका.

रबाळे_मेंटेनन्स
सर, गेज लावला. पूर्ण भाराला 575 मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखात 575 भाग वाढ), म्हणजे 118 मेगापास्कल! मागच्या तोंडालाही रेघ उमटली, तेव्हा आरपारच आहे. के 18 वर गेला आणि अडीच लाखांचे 85 हजार स्ट्रोक झाले, जेमतेम एकवीस दिवस. हा कागद घेऊन साहेबांकडे गेलो, प्रेस आज दुपारपासून बंद आहे. शनिवारी गॉजिंग. उजव्या प्लेटलाही तसाच क्लॅम्प आहे, उद्या सकाळी तिथे डीपी लावतो.