‘लशीनंतर’ की ‘लशीमुळे’? साथीच्या लशी-औषधांवरच्या शंकांना नेमकं उत्तर कसं द्यायचं

सजग_वाचक

कोविड साथीच्या काळातल्या लशी आणि औषधं यांवर लोक विचारतात त्या शंकांचं एक पत्रक तयार करतोय. ‘काहीही दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाकलंय, कारण ते खोटं आहे. पण तीन ठिकाणी अडलोय. लशीनंतरच्या त्रासांच्या नोंदींच्या खुल्या यादीत ‘लशीनंतर मृत्यू’ अशा हजारो नोंदी दिसतात, त्यांचा अर्थ कसा सांगायचा? चाचणीत न दिसलेला त्रास नंतर कसा निघाला? आणि आधी दिलेली औषधं पुढे मागे का घेतली? सामान्य वाचकाला पटेल, पण तपशिलात चुकणार नाही, असं हवंय.

मोजमाप

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं उत्तरही त्यातूनच निघतं.

फायझरच्या मोठ्या चाचणीत सुमारे २२ हजार जणांना खरी लस मिळाली. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा, की एवढ्या लोकांत एखादा त्रास एकदाही दिसला नाही, तर त्याचं प्रमाण ३ भागिले २२ हजार, म्हणजे साधारण ७,३०० जणांत १, याहून जास्त नसावं इतकंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. त्याहून दुर्मीळ गोष्ट चाचणीच्या जाळ्यातून सहज निसटू शकते. त्यात तो त्रास एकाच वयोगटाला होत असेल, तर चाचणीतली त्या गटाची माणसं आणखी थोडी. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) लशीनंतरचा हृदयस्नायूचा दाह नेमका असाच निघाला. तो मुख्यतः किशोर आणि तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर, बहुतेक आठवड्याच्या आत होतो. अमेरिकेतल्या नोंदींत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांमध्ये १० लाख दुसऱ्या डोसांमागे शंभराच्या आसपास प्रकरणं आली. चाचणी लबाड होती असं नाही. तिचा आकारच तेवढा होता.

आता ती यादी. तिथे कुणीही नोंद करू शकतं आणि तेच योग्य आहे, कारण संशय आधी गोळा व्हायला हवा. पण यादीत ‘लशीनंतर’ एवढंच असतं, ‘लशीमुळे’ हे पुढे तपासावं लागतं. त्यासाठी एक हिशेब पत्रकात जरूर घाला. गिलियन बारे हा मज्जातंतूंचा आजार एरवीही वर्षाला लाखात १ ते २ जणांना होतो. १० लाख लोकांना लस दिली आणि पुढचे ४२ दिवस पाहिले, तर लशीचा काहीही संबंध नसतानाही १ ते २ प्रकरणं दिसणार. दोन दिसली तर त्यातून काही सिद्ध होत नाही. दहा दिसली तर धोक्याची घंटा, मग प्रत्येक कागद उघडून बघायचा. मृत्यूंचंही तसंच: लस आधी वयोवृद्धांना दिली की त्यांच्यातले एरवीचे मृत्यूही ‘लशीनंतर’ या रकान्यात जमा होतात.

अशा मोजणीतून खरे दोष सापडलेले आहेत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर गिलियन बारेची दर लाखामागे साधारण १ जादा घटना दिसली आणि डिसेंबरात मोहीम थांबवली गेली. २००९ च्या स्वाइन फ्लू साथीतल्या पँडेम्रिक्स लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांत नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, वाढलेला आढळला. हे पत्रकात लपवू नका.

अंतर्वैद्य

वरचा हिशेब बरोबर आहे, पण वाचकाला प्रमाणाइतकीच मुदत आणि खूणही सांगायला हवी. ‘दुर्मीळ आहे’ एवढ्याने कुणाचा जीव वाचत नाही.

अॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतरच्या रक्ताच्या गुठळ्या घ्या. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्या लोकांत पहिल्या डोसनंतर सुमारे ५० हजारांत १. मुदत साधारण ५ ते ३० दिवस. खुणा: न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटात जोराचं दुखणं, एका पायाला सूज, टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर बारीक लाल ठिपके. तपासणीत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दीड लाखाच्या खाली आणि डी-डायमर (गुठळी झाल्याची रक्तातली खूण) खूप वाढलेलं. इथे चूक होते ती सवयीने: गुठळी दिसली की हेपरिन हे रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं. या आजारात प्लेटलेटमधल्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात, म्हणून हेपरिन टाळून दुसरं रक्त पातळ करणारं औषध आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) देतात. म्हणूनच रुग्णाने ‘लस अमुक तारखेला घेतली’ हे आपणहून सांगायला हवं.

लस घेतल्यावर काही वेळ बसवून ठेवतात त्याचंही कारण लिहा. भोवळ आणि तीव्र अॅलर्जी यांत गल्लत होते. भोवळीत नाडी मंद, अंग गार, आडवं झोपवलं की माणूस सावरतो. अॅलर्जीत नाडी जलद, अंगावर गांध्या, घसा आवळणं, श्वासाला घरघर. तिथे वाट बघायची नाही. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम अॅड्रेनालीन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, उतार नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा.

गोळी_मात्रा

औषधांबद्दल. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाला कोविडसाठी अमेरिकेत २८ मार्च २०२० रोजी तातडीची परवानगी मिळाली आणि १५ जूनला ती काढून घेतली गेली. फायदा दिसेना आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका होता, अॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासोबत जास्तच.

माझ्या मते पत्रकात सगळ्यात मोठी जागा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडला द्या, कारण एकच गोळी कुणाला तारते आणि कुणाला नाही ते त्यात स्वच्छ दिसतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, अशी मात्रा होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मात्र फायदा नाही. उलट औषधाविना १४ टक्के आणि औषधासह १७.८ टक्के मृत्यू, म्हणजे अपाय होत असावा अशी शंका. तरीही ताप आला की घरीच स्टेरॉइड सुरू करणारे होते. साखर चढते आणि शरीराची प्रतिकारशक्ती नको त्या वेळी दबते.

पॅक्सलोविड या कोविडच्या गोळ्यांमध्ये (निर्मात्रेल्विर आणि रिटोनाविर) वेगळीच अडचण. त्यातलं रिटोनाविर यकृतातलं औषधं पचवणारं एक विकर (एन्झाइम) रोखतं, त्यामुळे इतर औषधं रक्तात साचतात. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन निदान १२ तास आधी बंद करायचं. अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस घेणाऱ्याने तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पॅक्सलोविडला हात लावायचा नाही. मूत्रपिंड मध्यम बिघडलेलं असेल तर निर्मात्रेल्विर ३०० ऐवजी १५० मिलिग्रॅम.

सजग_वाचक

आभार, तिघांचेही. एक राहिलं: वाचकाने स्वतः त्रासाची नोंद करायची तर काय लिहावं?

मोजमाप

‘लस घेतली आणि त्रास झाला’ अशा एका ओळीवर काहीच तपासता येत नाही. लशीचं नाव, बॅच क्रमांक, कितवा डोस, तारीख आणि वेळ, त्रास कधी सुरू झाला, आधीचे आजार, चालू औषधं, तपासण्यांचे आकडे, आता प्रकृती कशी आहे. उदाहरण असं द्या: ‘दुसरा डोस, मंगळवार सकाळी ११.१०. गुरुवारी रात्री ९ पासून छातीत दुखणं, आडवं पडलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी. शुक्रवारी ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलेलं, ईसीजीची प्रत सोबत.’ बॅच क्रमांक अनेक नोंदींत गाळलेला असतो. साठवणुकीतला किंवा उत्पादनातला दोष त्याच एका आकड्यावरून पकडता येतो, म्हणून प्रमाणपत्राचा फोटो लस घेतल्या दिवशीच काढून ठेवायला सांगा.