चप्पल करणाऱ्यांच्या पोरांना डिझाइनचं शिक्षण कसं मिळेल?

कलाशिक्षक_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवतो. सुभाषनगर, जवाहरनगर भागातली बरीच मुलं आमच्याकडे येतात. बहुतेकांच्या घरी कोल्हापुरी चपलांचं काम आहे. बाप रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) तळ कापतो, आई चपलेवरची चामड्याची वेणी विणते, आणि शाळेतून आलं की पोरंही हाताशी बसतात.

दरवर्षी मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवतो. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, त्यामुळे पालकही नाही म्हणत नाहीत. संकल्पचित्राच्या पेपरला ही मुलं बसली की मला बघत राहावंसं वाटतं. जागा कशी भरायची, नक्षी कुठे थांबवायची हे त्यांना सांगावं लागत नाही. पण दहावी झाली की बहुतेकांची चित्रकला तिथेच संपते. 'डिझायनर' नावाचं काही काम असतं आणि त्याचं चार वर्षांचं पदवी शिक्षण मिळतं, हे त्यांच्या घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

आता ज्या मुलीसाठी लिहितोय तिच्याबद्दल. माझी जुनी विद्यार्थिनी, सध्या अकरावीला, कला शाखेत. वेणी विणताना बायका पट्ट्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात आणि वाकून विणतात. तिच्या आईची पाठ त्यानेच धरली होती. हिने प्लायच्या दोन पट्ट्या आणि सायकलची जुनी ट्यूब घेऊन एक चिमटा बनवला आणि तो पाटाला ठोकून बसवला. गल्लीतल्या बायकांनी वापरून बघितला आणि सांगितलं, बाई, आम्ही एका जागी बसत नाही. सकाळी दारात, दुपारी ऊन आलं की मागच्या बोळात, उजेड असेल तिथं बसतो. मग तिने पाट काढून टाकला आणि चिमट्याला एक लांब फळी जोडली. ती मांडीखाली दाबून धरता येते, शिवाय काखेत मारून कुठेही नेता येते. तिसऱ्या घरातली आजी म्हणाली, दात जवळ कर, बारीक वादी निसटतेय. तेही तिने केलं. आज त्या गल्लीत असे पाच-सहा चिमटे आहेत.

हे मी तिला शिकवलेलं नाही, आणि मला ते शिकवताही आलं नसतं. पण हेच डिझाइन आहे, एवढं मला कळतं.

शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये चौकशी केली. प्रवेश परीक्षेच्या तयारीची फी लाखाच्या घरात सांगितली. तिचे वडील ऐकून उठलेच. इंग्रजी ती वाचते, पण सावकाश. पाहुण्यांत कुणी या वाटेला गेलेलं नाही.

शाहू महाराजांनी याच गावात मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि १९०२ मध्ये निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखल्या. त्या गावात १२० वर्षांनंतरही असं पोरगं फीचा आकडा ऐकून मागे फिरावं, याचा मला खरोखर त्रास होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हिच्यासाठी नेमक्या वाटा कोणत्या? आणि समाजमंदिरात शनिवारी बाकीच्या मुलांसाठी काही सुरू करायचं ठरवलंय, त्यात काय शिकवावं?

---

मागावरची

सर, मी इचलकरंजीची. घरात यंत्रमाग होते. वडील दुसऱ्याच्या मागावर सुरुवात करून पुढे स्वतःच्या चार मागांपर्यंत आले. मी प्रॉडक्ट डिझाइन शिकले आणि आता पुण्यात स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर काम करते. तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले.

आधी परीक्षांचं. यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिच्यावर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा ठिकाणी बी.डेस. या पदवीला प्रवेश मिळतो. परीक्षा जानेवारीत, बारावीच्या वर्षीच देता येते. कला शाखा असली तरी चालते, तरी प्रत्येक संस्थेची अट माहितीपत्रकात बघून घ्या. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं, म्हणून तयारी झाल्यावरच बसवा. पेपर इंग्रजीत असतो. एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्राथमिक परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि मुख्य परीक्षेत स्टुडिओ टेस्ट असते. तिथे समोर तार, कागद, माती असं सामान ठेवतात आणि काहीतरी बनवायला सांगतात. सर, जी मुलगी ट्यूबच्या रबराचा चिमटा करते तिला या पेपरची भीती नसावी. पैसे भरून क्लास लावलेली मुलं इथे अडतात, कारण त्यांचे हात कोरे असतात.

क्लास न लावता होतं का? होतं. यूसीडचे जुने पेपर त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. मी तेवढ्यावरच केलं. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगते. मला भाषा नडली नाही, प्रश्नातलं जग नडलं. सराव करताना सतत असं समोर यायचं, की सामान घेऊन विमानतळावर चाललेला प्रवासी काढा, किंवा मॉलमधली रांग काढा. मी विमानतळ बघितला नव्हता. मग मी इचलकरंजीचं एसटी स्टँड काढायला लागले. बाचकं डोक्यावर घेतलेली बाई, बिगुलासारखा हात करून ओरडणारा कंडक्टर, पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुणारे लोक. परीक्षकाला माणूस कसा उभा राहतो आणि ओझं कसं पेलतो हे बघायचं असतं. इमारत कुठली हे दुय्यम. तिला रोज गल्लीतली बसलेली, वाकलेली, उचलणारी माणसं काढायला लावा. पेन्सिलीनं, भरभर, खोडरबर न वापरता.

इंग्रजीबद्दल. विचार मराठीतच करू दे, वहीतही मराठीत लिहू दे. मग महत्त्वाच्या शब्दांची यादी करून तेवढे पक्के करा. पेपरमध्ये वाक्यं छोटी असतात.

आणि चिमट्याचं सगळं जपून ठेवा. पहिला मोडका चिमटासुद्धा. कुठल्या बाईने काय सांगितलं, त्यावर काय बदललं, हे तारखेनिशी एका वहीत, सोबत मोबाइलवरचे फोटो. मुलाखतीत मी मागाच्या धोट्यासाठी (आडवा धागा नेतो तो) केलेली एक बारीकशी सोय दाखवली होती. समोरच्या बाई अर्धा तास त्याच्याबद्दलच विचारत होत्या, बाकीची चित्रं त्यांनी उघडलीही नाहीत.

---

सेतूवाला

कागदपत्रांचं माझ्याकडून.

निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत कारागीर आणि कारागिरांची मुलं यांच्यासाठी स्वतंत्र प्रवेशाची सोय आहे. त्यासाठी विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र लागतं. लोक त्याला पहचान कार्ड म्हणतात. वडिलांचं किंवा आईचं कार्ड आजच काढायला घ्या. प्रवेशाच्या महिन्यात धावपळ करून ते हाती येत नाही. आईचंही काढा असं मुद्दाम सांगतो. वेणी विणणारी बाई कारागीरच आहे, पण अर्ज भरताना घरोघरी फक्त बापाचं नाव लिहितात.

जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आयआयटीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ असतं, पण वसतिगृह आणि मेसचा खर्च धरून चाला. राज्यात शिकली तर महाडीबीटीवरची भारत सरकार शिष्यवृत्ती, आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना. पादत्राणांचंच शिकायचं असेल तर एफडीडीआय ही सरकारी संस्था आहे, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते.

बँक खातं मुलीच्या नावाने, आधारशी जोडलेलं हवं. बऱ्याच शिष्यवृत्त्या याच एका कारणाने अडकतात.

---

जवाहरनगर_पाचवी_पिढी

सर, माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी स्वतः चपला करतो. मुलगी शिकावी, जरूर शिकावी. पण आमच्यातलं हुशार पोरगं डिझाइन शिकायला मुंबईला गेलं की तिकडंच मोबाइलची स्क्रीन रंगवत बसतं. इथं रापी धरायला कोण राहतं? जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आमच्यासारख्याच चपला दिसल्या, केवढा गदारोळ झाला. नंतर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे. पुढं लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही झाला. चांगलं झालं. पण त्या टेबलावर आमच्या बाजूनं डिझाइन कळणारं, कागद वाचणारं आमचंच माणूस हवं होतं. असं माणूस तयार करायचं असेल तर त्याला गल्लीपासून तोडून कसं चालेल?

---

मागावरची

दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी स्वतः परत गेले नाही, घरचे माग विकले गेले, त्याची सल आहे. म्हणूनच कच्छचं सांगते, मी तिथे काही काळ राहून बघितलंय. २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय आणि २०१४ पासून आदिपूरला सोमय्या कला विद्या. तिथे विणकर, बांधणीवाले, अजरख छपाईवाले कारागीरच विद्यार्थी असतात. शिकवणं स्थानिक भाषेत. वर्षभरात थोड्या थोड्या आठवड्यांचे वर्ग आणि मधल्या काळात घरी जाऊन आपल्याच मागावर तो अभ्यास करायचा, म्हणजे धंदा बंद पडत नाही. रंग, मांडणी, बाजार, किंमत काढणं, स्वतःच्या कामाबद्दल बोलणं, सगळं त्यात. शेवटी स्वतःचा संग्रह लोकांसमोर मांडायचा. बायकांना वेळ मिळेल असे वर्ग वेगळे.

कोल्हापुरात चामड्यासाठी असं काही का नसावं? सरांची शनिवारची शाळा त्याची सुरुवात होऊ शकते, आणि तिथं शिकवायला पहिले तुम्ही या. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाणी लागलं की कसं वागतं, हे कुठल्या डिझाइन कॉलेजचा प्राध्यापक तुमच्याइतकं सांगेल?

---

गोवंडीकर

मी मुंबईहून. आमच्याकडे नटवर पारेख कंपाउंड म्हणून पुनर्वसन वसाहत आहे. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे कम्युनिटी डिझाइन एजन्सी नावाची संस्था रहिवाशांबरोबर काम करते. २०२३ मध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल झालं, त्याआधी वस्तीतल्या मुलामुलींना फोटोग्राफी, नाटक, रॅप, भिंतीवरची चित्रं यांचं शिक्षण मिळालं आणि फेस्टिव्हल त्यांनीच उभं केलं. माझी बहीण त्यात कॅमेरा शिकली.

तिथून शिकलेलं एवढंच सांगतो. शनिवारच्या वर्गात सुरुवातीला चित्र काढायला देऊ नका. मुलांना वस्तीत फिरवा आणि विचारा, इथे रोज कुणाला काय नडतं? नळाची रांग, अंधारा जिना, कातडं वाळवायला जागा नाही, चिकटवायच्या सोल्युशनचा वास घरातच कोंडतो. त्यातलं एकच घ्या आणि महिनाभर त्याच्यावरच बसा. ज्याचा त्रास आहे त्याला आठवड्याला दाखवा. तो 'छान आहे पोरा' म्हणाला तर समजा की तो भिडेपोटी बोलतोय. तुमच्या मुलीच्या गल्लीतल्या आजीसारखं 'दात जवळ कर' म्हणणारं माणूस शोधा.

आणि एक. त्या चिमट्याचा फोटो कुठे छापला, बक्षीस मिळालं, तर मुलीबरोबर त्या बायकांचीही नावं यायला हवीत. आजीने दात जवळ करायला लावले म्हणून तो चिमटा चालतोय. बाहेरून मंडळी येतात, वस्तीची कल्पना घेतात आणि अहवालात स्वतःचं नाव लावतात, हे आम्ही फार बघितलंय. मुलांना पहिल्या वर्गापासूनच ही सवय लागू दे.

---

कलाशिक्षक_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिच्या घरी जाऊन हा धागा वडिलांना वाचून दाखवला. पाचवी पिढीवाल्या दादांचा प्रतिसाद आल्यावर ते सावरून बसले आणि म्हणाले, हा माणूस बरोबर बोलतोय. मग इचलकरंजीच्या ताईंचं उत्तर दोनदा वाचायला लावलं. पहचान कार्डासाठी आईचाही अर्ज भरायचा म्हटल्यावर आई आतून म्हणाली, माझं कशाला? त्यावर मुलगीच म्हणाली, वेणी कोण विणतं मग?

ठरलंय ते असं. यूसीड आणि एनआयडी दोन्ही द्यायच्या, निफ्टचा कारागीर प्रवेश हाताशी ठेवायचा. जुने पेपर मी छापून आणतोय. शनिवारचा वर्ग पुढच्या महिन्यापासून. पहिला विषय मुलांनी आधीच सांगून टाकलाय: सोल्युशनचा वास. एका खोलीत चिकटवणं, स्वयंपाक आणि झोपणं सगळं चालतं, लहान पोरं तिथेच असतात.

दादा, कुठल्या गल्लीत असता ते कळवा, मी येऊन भेटतो. कातड्याचा पहिला तास तुमचा. ताई, तारखा ठरल्या की सांगतो, पण तोवर एक विचारतो: वास बाहेर काढायला छोटा पंखा लावायचा म्हटला तर खिडकी एकच आहे आणि ती बोळात उघडते. वास शेजाऱ्याच्या घरात जाणार. याला तुमच्याकडे काही तोड आहे का?

---

मागावरची

आधी नळी छपराच्या वर नेता येते का बघा. पण त्याच्या आधी मुलांना एक काम द्या: दिवसाच्या कुठल्या वेळी बोळातला वारा कुठल्या दिशेला असतो, उदबत्ती धरून आठवडाभर लिहून काढायचं. शेजाऱ्याच्या दारातही उभं राहून. ती वही मला पाठवा, मग पुढचं बोलू.