बाबांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर, वजन उतरतंय, तेल-तूप खरंच बंद करायचं का?

मिरजेची_लेक:
बाबा 61 वर्षांचे. कावीळ झाली तेव्हा स्वादुपिंडाची गाठ कळली, पित्तनळी उघडी राहायला आत स्टेंट (बारीक नळी) टाकलाय, फॉल्फिरिनॉक्स केमोच्या 4 सायकल झाल्यात दर 14 दिवसांनी, ऑपरेशनचं स्कॅन बघून ठरवू म्हणालेत. पण वजन 64 चं 55 झालंय. आत्या म्हणाली स्वादुपिंडाला तेल-तूप म्हणजे विष, म्हणून दीड महिना मी तूप, दाणे, अंडी सगळं बंद करून नुसती पेज आणि उकडलेल्या भाज्या देतेय. तरी दिवसातून चार-पाचदा शौचाला, तेलकट, चिकट, पाणी टाकलं तरी तरंगतं. अन्न पचवायला एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यात, 25000 युनिटची एक, ती जेवण झालं की बाकीच्या गोळ्यांबरोबर देते. आणि परवा रक्तातलं कॅन्सरचं मार्कर, सीए 19-9, 310 वरून 355 आलं, तेव्हापासून झोप नाही. कुणी यातून गेलंय का हो?

कऱ्हाडकर:
ताई, कॅप्सूल जेवणानंतर नाही, पहिल्या घासाबरोबर द्या. आमच्या मिसेसचं सेम झालं होतं, तीन महिने आम्ही चुकीचं देत होतो आणि कुणी विचारलंच नाही. अन्नात एन्झाइम मिसळलंच नाही तर तूप काय आणि पेज काय, अंगाला लागणार कसं? जेवायला जास्त वेळ लागत असेल तर अर्ध्या पहिल्या घासाला, अर्ध्या मध्ये. चावायच्या नाहीत, गरम चहाबरोबर तर मुळीच नाही, उष्णतेने त्यातलं एन्झाइम खराब होतं. दूध प्यायले तरी लागते, नुसत्या फळाला किंवा कोऱ्या चहाला नाही. आणि एक पुरत नसेल, आमच्या डॉक्टरांनी जेवणाला 2 आणि मधल्या खाण्याला 1 केली होती. स्वतः वाढवू नका पण तेलकट शौच होतंय हे त्यांना स्पष्ट सांगा, लाजू नका, आम्ही लाजलो आणि वजन गेलं.

पंप_वाला:
मी स्वतः पेशंट, 12 सायकल आणि व्हिपल (स्वादुपिंडातली गाठ काढायचं) ऑपरेशन झालंय. 355 बघून घाबरू नका, हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, पित्त अडलं की कॅन्सर न वाढताही वर जातो, म्हणून बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) काय आहे ते बघा आणि स्कॅनशी जोडूनच डॉक्टरांना विचारा. स्कॅनच्या आधीचे आठ दिवस मलाही नको वाटतात, खोटं नाही सांगत. केमोचा पंप लावून घरी 46 तास असतो ना, तेव्हा आणि नंतर काही दिवस फ्रिजचं पाणी, थंड ताक देऊ नका, या केमोतल्या ऑक्सॅलीप्लॅटिन औषधामुळे थंड लागलं की घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना झिणझिण्या येतात. माझ्या बायकोने तर फ्रिज उघडायला मोजे दिले होते हातात घालायला.

वॉर्डातली_सिस्टर:
वरचं बरोबर आहे. ताई, पेजेवर वजन टिकत नाही. सहा वेळा थोडं थोडं द्या, मऊ भातात तूप, मुगाची खिचडी, अंडं, पनीर, दुधातलं नाचणीचं सत्त्व, दाण्याचं कूट. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो हे खरं नाही, मात्र स्वादुपिंडच इन्सुलिन बनवतं म्हणून शुगर तपासत राहा, वाढली तर औषधाने सांभाळतात. काढे, चूर्णं केमोच्या डॉक्टरांना न विचारता नकोत. ताप 100.4 झाला किंवा थंडी वाजली, डोळे पिवळे झाले, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या, स्टेंट बुजलेला असू शकतो आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, सकाळची वाट बघायची नाही.

मिरजेची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. आज फोन केला, डॉक्टरांनी जेवणाला 2 आणि मध्ये 1 सांगितली, परवा बिलिरुबिनही करायचंय. रात्री भातावर तूप वाढलं तर बाबा कितीतरी वेळ ताटाकडे बघत होते, मग हळूच विचारलं, मला चालतंय ना गं हे?